वारली पाड्यावर जीवनकथा नोंदवताना : सांस्कृतिक बदलाचा अभ्यास मुलाखतींतून कसा करावा

"तुमच्या संस्कृतीत काय काय बदललं?" हा प्रश्न डहाणू-तलासरीकडच्या कुठल्याही पाड्यावर विचारून पाहा. बहुधा दोनांपैकी एक उत्तर मिळतं. "पहिलं सगळं चांगलं होतं, आता काही राहिलं नाही," किंवा "पहिलं आम्ही अडाणी होतो, आता पोरं शिकली." दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात, पण दोन्ही आधीपासून तयार असतात. पहिलं शहरातल्या पाहुण्याला आवडतं आणि दुसरं सरकारी सभांमधून कानांवर पडलेलं असतं. असल्या उत्तरांवर उभा राहिलेला प्रबंध वाचताना पाडा दिसत नाही, माणूसही दिसत नाही.

त्याऐवजी एखाद्या आजीला तिच्या लग्नाबद्दल विचारा. भिंतीवर चौक (लग्नाचं चित्र) कुणी लिहिला, धवलेरी (लग्न लावणारी बाई) कुठल्या पाड्यावरून आली, खर्चाला पैसा कुठून आणला, लग्न लागण्याआधी दोघं एकत्र राहत होती का, तेव्हा पोरं किती मोठी होती. मग तिच्या लेकीला हेच विचारा आणि नंतर नातवाला. "बदल" हा शब्द कुणी उच्चारणार नाही, पण तुमची वही त्याच्या तपशिलांनी भरलेली असेल. जीवनकथा मुलाखतीचं सगळं बळ यात आहे. माणसाला मत विचारायचं नाही, त्याचं आयुष्य ऐकायचं.

हा लेख एमए-पीएचडीचे विद्यार्थी, समाजकार्याचे विद्यार्थी, आश्रमशाळांमधले शिक्षक आणि विशेषतः आपल्याच पाड्याचा इतिहास लिहू पाहणारी आदिवासी तरुण मुलं यांच्यासाठी आहे. उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांचं घेतलं आहे. कातकरी, कोरकू, पावरा, माडिया यांच्यात काम करणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील, पायऱ्या त्याच राहतील.

आधी धागा निवडा

"वारली समाजातील सांस्कृतिक परिवर्तन" हा विषय मुलाखतीत मावत नाही. एक धागा धरा आणि त्याच्या मागे जा. लग्न, आजारपण, शेती, शाळा, वीटभट्टीवरचं स्थलांतर, यांपैकी कुठलाही एक पुरेसा आहे. धागा असा हवा की पाड्यावरच्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात तो कधी ना कधी येऊन गेलेला असेल.

मी लग्नाचा चौक सुचवेन. परंपरेने हा चौक सवासिनी लिहीत. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी हीसुद्धा बाईच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ही चित्रं कागदावर आणि मुंबईच्या कलादालनांत पोहोचली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. एका माणसाच्या हयातीत बायकांच्या हातातलं लग्नाचं चित्र पुरुषांच्याही हातात आलं, विकलं जाऊ लागलं, शाळेच्या कुंपणावर आणि चहाच्या कपावर गेलं.

पुरस्कारांचा हा इतिहास छापून आलेला आहे. पण ज्या सवासिनींनी आयुष्यभर चौक लिहिले त्यांचं पुढे काय झालं? घरातल्या लग्नात आता चौक कोण लिहितं, त्याच्या बदल्यात काय देतात, सिमेंटच्या भिंतीवर तो कसा लिहितात, सामुदायिक विवाहात लग्न लागलं तर चौकाचं काय करतात? याची उत्तरं घराघरांतच आहेत.

परवानगी आणि अंगठा

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने, आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तेव्हा पहिलं पाऊल पाड्याच्या बैठकीत टाका. तुम्ही कोण, कुठल्या संस्थेचे, काय विचारणार, ध्वनिमुद्रण कुठे राहणार, त्यातून तुम्हाला काय मिळणार (पदवी, नोकरी, पुस्तक, जे असेल ते) आणि पाड्याला काय मिळणार नाही, हे सगळं बैठकीत बोला. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. हातात वही घेऊन आलेला माणूस घरकुलाची किंवा वनपट्ट्याची (वनजमिनीच्या हक्काची) यादी करायला आला आहे, असं लोकांना वाटतं आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नाही. या समजुतीवर मिळालेली मुलाखत घेऊ नका.

बैठकीची संमती मिळाली म्हणजे माणसाची मिळाली असं नाही. ती प्रत्येकाकडून वेगळी घ्यावी लागते. इथे विद्यापीठाचा छापील संमतीपत्राचा नमुना अडचणीचा ठरतो. या भागात जमिनी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवून गेल्या आहेत. लग्नासाठी कर्ज काढून त्याच्या फेडीपोटी नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या घरात ही आठवण आहे तिथे न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा मागणं मला क्रूर वाटतं. संमती तोंडी घ्या आणि तीच ध्वनिमुद्रित करा. नाव लावायचं की बदलायचं, आवाज कुणाला ऐकवला तर चालेल, फोटो चालेल का, हे प्रश्न एकेक करून विचारा. बहुतेक नैतिकता समित्या तोंडी संमती मान्य करतात, फक्त प्रस्तावात कारण लिहावं लागतं. तेवढी मेहनत घ्या.

कुणाशी बोलायचं

पाड्यावर गेलात की लोक तुम्हाला भगताकडे, जुन्या कारभाऱ्याकडे किंवा नावाजलेल्या चित्रकाराकडे नेतील. त्यांच्याशी जरूर बोला, पण तिथेच थांबू नका. ही माणसं यापूर्वीही अनेकांशी बोललेली असतात आणि त्यांची गोष्ट घासून गुळगुळीत झालेली असते. चार-पाच घरं निवडा आणि प्रत्येक घरातल्या तीन पिढ्यांशी बोला. एकूण बारा ते पंधरा माणसं. पदव्युत्तर प्रबंधाला एवढं पुरतं, आणि प्रत्येकाकडे दोन-तीन बैठका करायच्या म्हटल्यावर हे काम कमी नसतं.

घरं निवडताना मुद्दाम फरक ठेवा. एखादं घर ख्रिस्ती झालेलं असावं. एखाद्या घरातला मुलगा बोईसरच्या किंवा वापीच्या कारखान्यात जात असावा. एखादं दरवर्षी भट्टीवर जाणारं असावं. आणि दुसऱ्या पाड्यावरून लग्न होऊन आलेल्या बाईला विसरू नका. माहेर आणि सासर अशा दोन पाड्यांच्या रीती तिने जगून पाहिलेल्या असतात, त्यामुळे "आमच्यात असंच असतं" हे वाक्य तिच्या तोंडून सहसा येत नाही.

दुभाष्या घ्यावा लागला तर तो त्याच भाऊबंदकीतला नको, आणि बायकांच्या मुलाखतीला पुरुष दुभाष्या तर नकोच. सासऱ्यासमोर, दिरासमोर सून आपलं आयुष्य सांगत नाही. तुम्ही पुरुष असाल तर बायकांच्या मुलाखती बाईनेच घेतलेल्या बऱ्या. याला दुसरा उपाय नाही.

केव्हा जायचं

जूनपासून आवणी (भाताची लावणी) संपेपर्यंत कुणाला वेळ नसतो. दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सुट्टी असते म्हणून एप्रिल-मेमध्ये पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला पाड्यावर म्हातारी आणि शाळकरी पोरंच भेटतात, आणि मग अहवालात "तरुण पिढी उदासीन आहे" असं वाक्य येतं. तरुण पिढी त्या वेळी कुठल्यातरी भट्टीवर विटा थापत असते. आवणी उरकल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचे आठवडे सगळ्यांत सोयीचे. तेही संध्याकाळी. दिवसा मजुरीवर जाणाऱ्या माणसाला बसवून ठेवलंत तर त्याची त्या दिवसाची मजुरी भरून द्या. पैसे दिले की मुलाखत बिघडते असं म्हणतात, मला ते पटत नाही. गरिबाचा दिवस फुकट घेणं त्याहून वाईट.

तारखांचा पट सोबत ठेवा

वृद्धांच्या वयावर विसंबू नका. आधार कार्डावरची किंवा शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख बहुतेक वेळा गुरुजींनी सोयीने लिहिलेली असते. वयाऐवजी घटना विचारा. त्यासाठी भागातल्या घटनांचा पट जाण्याआधीच तयार ठेवा.

पालघरसाठी माझा पट साधारण असा आहे. २३ मे १९४५ची झरी गावची सभा, जिथून वेठबिगारीविरुद्धचा उठाव उभा राहिला. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेमार्फत त्याचं नेतृत्व करत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरचा तलवाड्याचा गोळीबार, ज्यात पाच जणांचा जीव गेला. १९५७मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आल्या. १९६९मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली. मग आणीबाणी आणि १९७६चा वेठबिगारबंदीचा कायदा. १९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. २००६चा वनहक्क कायदा आणि त्यानंतरची पट्ट्यांची मोजणी. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले. २०२०ची टाळेबंदी.

या सार्वजनिक घटनांच्या शेजारी पाड्याच्या घटना लिहा. वीज कधी आली, रस्ता कधी झाला, पहिली मोटारसायकल कुणाची, शाळेची इमारत कधीची. आजीला "साल कुठलं?" म्हटलं तर ती गप्प होईल. "तुमचं लग्न झालं तेव्हा वीज होती का? थोरला जन्मला होता का? भट्टीवर जायला लागला होता का?" असं विचारलंत तर दोन-तीन वर्षांच्या फरकाने साल हाती लागतं.

पहिली बैठक

फोनचं रेकॉर्डर पुरेसं आहे. फोन विमान मोडवर टाका आणि कॉलरला लावायचा छोटा माईक घ्या. पत्र्याखाली बसू नका, एक सर आली की सगळं बुडतं. कोंबड्या, पोरं, जात्यायेत्याचे आवाज येऊ द्या. शांत जागेच्या शोधात माणसाला त्याच्या ओटीवरून उठवून शाळेच्या खोलीत नेलंत तर तो गुरुजींशी बोलावं तसा बोलेल.

सुरुवात जागेपासून करा. "आजी, तुमचा जन्म कुठल्या पाड्यावरचा? तेव्हाचं घर कसं होतं? घरात कोण कोण होतं?" मग क्रमाने लहानपण, पहिलं काम, शाळा असेल तर शाळा, लग्न, मुलं, आजारपणं, मरणं आणि आजचा दिवस. क्रम मोडून आजी भलतीकडे गेली तर जाऊ द्या. ती ज्या वळणाने जाते त्यात तिला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं, आणि तुमची यादी तिच्या आयुष्यापेक्षा मोठी नाही.

चांगला प्रश्न एका प्रसंगावर बोट ठेवतो. "लग्न कसं करायचे?" असं विचारलं की रीत ऐकायला मिळते. "तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा" म्हटलं की लग्नच डोळ्यांसमोर येतं. रीत सांगणारा माणूस "आम्ही" म्हणतो, आठवण सांगणारा "मी" म्हणतो. बोलणं "आम्ही"वर अडकलं आहे असं दिसलं की हळूच प्रसंगाकडे वळवा. "का?" शक्यतो विचारू नका, त्यातून जाब विचारल्यासारखं वाटतं. "मग काय झालं?" एवढ्यावर बरंच निघतं.

बैठक तास-दीड तासाहून लांबवू नका. गेलेल्या मुलाचा विषय निघाला आणि बोलणारी गप्प झाली तर यंत्र बंद करून बसून राहा. वावर-वांगणीच्या आसपासच्या पाड्यांवर हे हमखास होतं. तिथलं दुःख तुमच्या प्रकरणातला परिच्छेद भरण्यासाठी खोदून काढू नका. तिला सांगायचं असेल तर ती पुढच्या वेळी स्वतःहून सांगते.

एकाच वयाची तुलना

या पद्धतीत सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे. सत्तरीचे बाबा म्हणतात, "आता तारप्यावर कुणी नाचत नाही." (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वारल्यांचं वाद्य.) या वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात. काळ बदलला आणि नाच थांबला. किंवा नवी पिढीच वेगळी आहे, ती डीजेवर नाचते. किंवा बाबांचं वय झालं, तेच नाचायला जात नाहीत आणि त्यांना कुणी बोलावत नाही. नुसत्या विधानावरून यांतलं कुठलं खरं ते कळत नाही.

म्हणून प्रत्येक पिढीला त्यांच्या एकाच वयाबद्दल विचारा. मी साधारण सोळावं वर्ष धरतो, म्हणजे लग्नाच्या जरा आधीचं. त्या वयात सुगीनंतर तारपा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता? किती रात्री नाचलात? तारपा वाजवणारा कुठून आणला? तुमचे म्हातारे तेव्हा तुमच्या पिढीबद्दल काय म्हणायचे? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. त्यांच्याही म्हाताऱ्यांनी "आताची पोरं बिघडली" असंच म्हटलं होतं, हे आठवून सगळे हसतात आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

चौकाचंही तसंच. आजी सोळा वर्षांची असताना कुणाच्या शेजारी बसून शिकली, लेकीला त्या वयात तांदळाचं पीठ हातात मिळालं का, नातीने पहिला चौक भिंतीवर काढला की आश्रमशाळेच्या स्पर्धेत कागदावर. तीन उत्तरं एकाखाली एक लिहिलीत की बदल कुठल्या दशकात, कुठल्या घरात आणि कुणाच्या हातून झाला ते दिसू लागतं.

दुसऱ्या बैठकीला सोबत चाला. खळं, गावदेव, जुनं घर होतं ती जागा, पूर्वी रान होतं ती टेकडी. ओटीवर न आठवलेलं जागेवर आठवतं. गाण्यांबाबत मात्र आग्रह धरू नका. धवलेरीची गाणी लग्नात म्हणायची असतात. अवेळी म्हणायला एखादी नको म्हणाली तर तिचा नकारच वहीत लिहा, तीही नोंदच आहे.

जे नोंदवलं तर माणूस अडकेल

मोकळ्या गप्पांत अशा गोष्टी निघतात ज्या कागदावर आल्या तर सांगणाऱ्याला त्रास होऊ शकतो. सशाची किंवा रानडुकराची शिकार, जी १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर गुन्हा ठरली. मोहाची दारू. ज्याचा पट्टा अजून मिळालेला नाही अशी वनजमिनीवरची शेती. कमी वयातलं लग्न. आणि सगळ्यांत धोकादायक म्हणजे कुणा बाईला भुताळी (चेटकीण) ठरवल्याची हकीकत, नावानिशी. अशा वेळी ध्वनिमुद्रण थांबवा आणि हे ठेवायचं का ते विचारा. नावं बदलूनही पुरत नाही, कारण तीस घरांच्या पाड्यावर "चौक लिहिणारी विधवा, मुलगा बोईसरला" एवढं वर्णन वाचून सगळे ओळखतात. गरज पडली तर पाड्याचं नाव गाळा, दोन माणसांचे ओळखू येणारे तपशील बदला, आणि भुताळीची हकीकत छापूच नका. मूळ ध्वनिफीत कुलूपबंद ठेवा.

याच्या उलटही असतं. कुणी म्हणेल, माझं नाव लावा, मी चित्रकार आहे, माझी ओळख लपवू नका. तेव्हा नाव लावायचंच. मोठ्या चित्रकारांचीच नावं राहिली आणि बायकांची गेली, हे पुन्हा व्हायला नको.

उतरवून काढणं

एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास लागतात, बोलीत असेल तर त्याहून जास्त. हे काम त्याच आठवड्यात करा. बोलली तशी बोली देवनागरीत लिहा आणि शेजारच्या रकान्यात प्रमाण मराठी द्या. बोलीला प्रमाण मराठीत "सुधारून" मूळ रकाना टाकून देणं हा अभ्यासाचा नाश आहे. कुठले शब्द मराठीतून आले, कुठले गुजरातीतून, शाळेबद्दल बोलताना माणूस कुठल्या भाषेत जातो आणि देवाबद्दल बोलताना कुठल्या, हादेखील सांस्कृतिक बदलच आहे. हसणं, थांबणं, कुणी मध्येच आलं म्हणून विषय बदलणं, हेही कंसात लिहा.

वाचायचं कसं

मुलाखतीतल्या तारखा आणि हकीकती कागदांशी ताडून पाहा. के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा १९४५चा अभ्यास, त्याआधीचा सायमिंग्टन या अधिकाऱ्याचा अहवाल, शाळेची जुनी रजिस्टरं, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतली कागदपत्रं, सगळी बघा. पण कागद आणि आठवण जुळत नसतील तर लगेच आठवणीला चूक म्हणू नका.

इटलीत तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली, नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी कित्येक वर्षांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यातला म्हणून सांगितला. तारीख चुकीची होती. पण लोकांनी आपल्या माणसाचं मरण त्यांच्या दृष्टीने जास्त मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं होतं, आणि तो लढा त्यांना किती खोल लागला होता ते त्या चुकीतूनच कळलं. तलवाड्याबद्दल बोलताना कुणी आपल्या आजोबांना त्या गर्दीत उभं केलं आणि कागदावर ते जुळलं नाही, तर दोन्ही लिहा. उठावाशी नातं सांगावंसं वाटणं हे त्या घराच्या आजच्या जगण्यातलं सत्य आहे.

विषयवार तुकडे करून चिठ्ठ्या लावण्याआधी प्रत्येक आयुष्य एकदा सलग वाचा. वळणं कुठे आहेत ते पाहा. आपण लग्न, शाळा, नोकरी शोधत असतो, पण एखाद्या बाईच्या आयुष्याचं वळण पाड्यावर हातपंप बसला त्या उन्हाळ्यात असतं. तिचे दिवसाचे काही तास मोकळे झाले आणि त्या तासांत तिने चित्रं काढायला घेतली. असं काही तुम्ही आधी ठरवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये नसतं.

परत नेऊन द्या

लिहून झालं की पाड्यावर जा आणि ज्याची गोष्ट त्याला वाचून दाखवा. वाचता येणाऱ्या नातवाकडून वाचून घेतलंत तर आणखी चांगलं, कारण तो तिथेच चुका काढतो. काही गाळायला सांगितलं तर गाळा, वाद घालू नका. ध्वनिफितीची प्रत घरच्यांना द्या, फोनवर आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे. आजीचा आवाज त्या घरातच राहिला पाहिजे, आणि तो तिच्या घरच्यांचा हक्क आहे.

मूळ फिती कुठे ठेवायच्या हे सुरुवातीच्या बैठकीतच ठरवलेलं असावं. विद्यापीठात, पाड्याच्या शाळेत की दोन्हीकडे? कोण ऐकू शकेल, विक्रीच्या वस्तूवर किंवा जाहिरातीत वापरायला परवानगी आहे का, हे प्रत्येक फितीसोबत लिहून ठेवा. सांगणारा माणूस वारल्यावर कुणाला विचारायचं, हे त्याच्याच तोंडून नोंदवून घ्या. तो सांगेल त्या व्यक्तीचं नाव फितीच्या नोंदीत वर, ठळक लिहा. कधीकधी ती व्यक्ती मुलगा नसते, माहेरी गेलेली लेक असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचायचा फोन नंबरही तेव्हाच घेऊन ठेवावा लागतो.